पुण्याहून स्वतःच्या गाडीने विदर्भातील आणि लगतची जंगले: पेंच, कान्हा, नागझिरा, ताडोबा आणि मेळघाट एकाच दौऱ्यात जमतील का?

सह्यवाटा:

नमस्कार. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुण्याहून स्वतःच्या गाडीने विदर्भातील जंगले पाहायला जाण्याचा आमचा विचार आहे. बरोबर पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई असेल. साधारण आठवडाभराची रजा मिळेल. सह्याद्रीत आम्ही बरेच हिंडलो आहोत, पण विदर्भ आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही. आईला तर नागपूरच्या पुढचा महाराष्ट्र कसा आहे हे पाहण्याची फार वर्षांची इच्छा आहे.

मनात आखलेला मार्ग असा आहे: छत्रपती संभाजीनगरपासून समृद्धी महामार्गाने नागपूर, तेथून पेंच, मग मध्य प्रदेशातील कान्हा, उतरताना नागझिरा, त्यानंतर ताडोबा आणि परतीच्या वाटेवर मेळघाट. नकाशावर हे सगळे एका मोठ्या वर्तुळात बसते, त्यामुळे काहीही सोडावेसे वाटत नाही. वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट नाही, पण इतक्या लांब जाऊन तो दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मुलीला पक्ष्यांचा मनापासून नाद आहे आणि ती पाहिलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवते.

माझे प्रश्न असे आहेत. एवढी ठिकाणे एका आठवड्यात नीट पाहून होतील का? आपली गाडी जंगलात नेता येते का? आईला पाठीचा त्रास आहे, तर उघड्या जिप्सीतील सफारी तिला झेपेल का? आणि एका जंगलातून दुसऱ्याकडे जाताना वेळ वाचवण्यासाठी रात्री गाडी चालवणे कितपत योग्य ठरेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वैनगंगाकाठ:

नमस्कार. आपण आखलेले वर्तुळ नकाशावर बसते, पण आठवड्यात बसत नाही. सफारी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते आणि दुसरी दुपारनंतर. म्हणजे जंगलाच्या दारात आदल्या संध्याकाळीच पोहोचलेले असावे लागते. सकाळची सफारी संपवून, आंघोळ-जेवण उरकून निघालात की पुढच्या जंगलाच्या दारात पोहोचेपर्यंत दुपारची फेरी सुटून गेलेली असते. पाच जंगले घेतलीत तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक फेरी येईल आणि उरलेला सगळा वेळ गाडीत जाईल. माझे स्पष्ट मत असे आहे की दोनच जंगले निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन फेऱ्या होतील इतका मुक्काम करावा. पहिल्या फेरीत आपण नुसते इकडेतिकडे पाहत असतो. जंगलाकडे कान देऊन बसायला दुसरी-तिसरी फेरी यावी लागते.

कान्हा या वेळी सोडा, असे मी सुचवेन. ते जंगल कमी प्रतीचे आहे म्हणून नव्हे, तर त्याचे मोल मोठे आहे म्हणून. साल वृक्षांचे ते दाट वन आणि त्यातली विस्तीर्ण कुरणे आपल्याकडच्या सागवानी जंगलापेक्षा पूर्ण वेगळी आहेत. कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा हा हरणाचा प्रकार 1970 च्या सुमारास तिथे जेमतेम 66 उरला होता. तो आज कुरणात कळपाने चरताना दिसतो, यामागे वन कर्मचाऱ्यांच्या दोन पिढ्यांची मेहनत आहे. नागपूरहून कान्ह्याचा मुक्की दरवाजा सुमारे 260 किलोमीटर आहे. त्या जंगलासाठी वेगळी रजा काढून जावे, धावती भेट देऊ नये.

आईंचा विचार करता पेंच आणि ताडोबा ही जोडी मला सोयीची वाटते. पेंचचे जंगल महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हीकडे पसरले आहे. मध्य प्रदेशात तुरिया, आपल्या बाजूला सिल्लारी आणि खुर्सापार हे दरवाजे आहेत, आणि नागपूरहून सिल्लारी दीड-दोन तासांत येते. आपल्या बाजूच्या पेंचला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे अमावास्येच्या आसपास गेलात तर मुलीला रात्रीचे आकाशही मनसोक्त पाहता येईल.

पेंचला जाताना नागपूर-सिवनी हा राष्ट्रीय महामार्ग 44 लागतो. त्यावर गाडी थोडी सावकाश घ्या. हा रस्ता वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा तोडत जात होता, म्हणून चौपदरीकरणाच्या वेळी महाराष्ट्रातील टप्प्यात प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले गेले. त्यांतील सर्वांत मोठा 750 मीटर लांबीचा आहे. वरून जाताना आपल्याला तो साध्या उड्डाणपुलासारखा वाटतो, पण त्याच्याखालून वाघ, रानकुत्री, चितळ, रानडुकरे ये-जा करतात आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी ते टिपले आहे. विदर्भात गाडीने फिरताना हे ध्यानात असावे की अभयारण्याची कमान ओलांडली म्हणजे जंगल संपले असे होत नाही. दोन जंगलांच्या मधली शेते, नाले, झुडपी रान आणि हे रस्ते, सगळे वाघाच्या वहिवाटीतले आहे.

रात्रीच्या प्रवासाचे उत्तरही यातच आहे. वर्धा जिल्ह्यातील बोर या जंगलातला बाजीराव नावाचा वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ भरधाव वाहनाच्या धडकेने मेला. तो काही घनदाट अरण्यातला रस्ता नाही, नेहमीच्या वर्दळीचा महामार्ग आहे. चितळ, रानडुक्कर आणि निलगाय यांचे असे मृत्यू तर वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतही नाहीत. शिवाय अंधारात निलगाय आडवी आली तर गाडीतल्या माणसांचाही जीव धोक्यात येतो. सूर्यास्ताच्या आत मुक्कामी पोहोचायचे, हा नियम दौरा आखतानाच पक्का करा आणि अंतरे त्या हिशेबाने तोडा.

आरक्षणाबद्दल थोडे. सफारीचे आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे, कारण त्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. ज्या ओळखपत्राचा क्रमांक आरक्षणात दिला असेल, तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावे. ताडोब्याचा गाभा, म्हणजे मधला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो आणि मध्य प्रदेशातील उद्यानांत बुधवारी दुपारची फेरी नसते, हे लक्षात ठेवूनच दिवस निवडावेत. मुक्कामाची खोली आधी आणि सफारी नंतर असा क्रम बरेच जण ठेवतात. तो उलटा असावा. आधी सफारी कोणत्या दरवाजाची मिळते ते पाहा आणि त्याच दरवाजाजवळ राहा, कारण ताडोब्यात एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंत बाहेरून जायला कित्येकदा दोन तास लागतात.

इरई:

मी चंद्रपूरचा आहे, म्हणून ताडोब्यापुरते लिहितो. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त काही गोष्टींची भर घालावीशी वाटते.

आपली गाडी दरवाजाशीच ठेवावी लागते. आत नोंदणीकृत जिप्सी आणि स्थानिक गाइड घेऊनच जाता येते, आणि ते योग्यच आहे. गाइड बहुतेक याच परिसरातील गावांतले तरुण-तरुणी असतात. त्यांना पहिल्यांदा भेटताच एवढेच सांगा की आम्हाला वाघामागे पळायचे नाही, जंगल दाखवा. मग फेरी कशी बदलते ते बघा. गाडी बंद करून शांत बसले की माकडांचा खर्रखर्र आवाज कुठून येतो, चितळ एकदाच ओरडले की सतत ओरडत आहे, सांबराने ‘ढाँक’ केले की नाही, यावरून वाघ कोणत्या दिशेला सरकतो आहे याचा अंदाज गाइड बांधत असतो. चितळ उगाचही ओरडते, सांबर सहसा उगाच ओरडत नाही. अर्जुनाच्या झाडाच्या गुळगुळीत पांढुरक्या सालीवर खालपासून वरपर्यंत चढत गेलेले समांतर ओरखडे दिसले, तर वर मधाचे पोळे आहे का ते पाहा, कारण अस्वले मधासाठी चढतात आणि त्यांची नखे सालीत खोल रुततात. मोहर्ली-ताडोबा रस्त्याच्या कडेने गोंड राजवटीतले दगडी खांब ओळीने उभे आहेत. त्यांच्या माथ्यावरील भोकांतून दोर ओवून घंटेने निरोप पाठवत असत, असे इथले लोक सांगतात. आईंना हे नक्की आवडेल.

ताडोबा हे 1955 मध्ये घोषित झालेले महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह तो व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र त्याहून मोठे, सुमारे 1,100 चौरस किलोमीटर आहे. बाहेरून येणाऱ्यांचा ओढा गाभ्याकडे असतो, पण आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा या बफरच्या दरवाजांनीही वाघ, बिबट्या आणि अस्वल चांगले दिसतात, आरक्षण तुलनेने सहज मिळते आणि पैसा थेट गावात जातो. तीन फेऱ्यांपैकी एक बफरची असावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

आग्रहाचे कारण हे की बफर म्हणजे माणसांचे घर आहे. इथे गावे आहेत, धानाची शेते आहेत, गुरे चरतात. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला बाया-माणसे खाली वाकून रानात काम करतात आणि त्याच वेळी वाघाच्या हल्ल्यांच्या घटना घडतात. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी अशी माणसे जातात. ज्या वाघासाठी आपण सातशे-आठशे किलोमीटर येतो, त्याच्या शेजारी राहण्याची किंमत हे लोक मोजतात. म्हणून गावातल्या होमस्टेत राहता आले तर राहा, जेवण गावातल्या बचत गटाकडे मिळत असेल तर तिथे जेवा, आणि खेड्यातल्या रस्त्यावर गुरे आडवी आली तर हॉर्न न वाजवता थांबा.

अजून एक मागणे आहे. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगाव भागात जिप्सींनी दोन्ही बाजूंनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. ते चित्रण सर्वत्र पसरले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई चालक आणि गाइडवर होते, पण गाडी पुढे घ्या म्हणून मागून दबाव आणणारे पर्यटकच असतात. आपल्या जिप्सीत बसलेल्या कोणी तसे म्हटले तर आपण शांतपणे नकार द्यावा. मुलगी बरोबर आहे, ती हे पाहून शिकेल.

पाठीच्या त्रासाबद्दल: जिप्सीच्या मागच्या चाकांवर असलेल्या शेवटच्या बाकावर सर्वांत जास्त हादरे बसतात. आईंना मधल्या बाकावर, कडेला धरायला दांडा असेल अशा जागी बसवा, पाठीमागे उशी द्या आणि चालकाला सुरुवातीलाच सांगा; तो गाडी जपून चालवतो. दिवसाला एकच फेरी त्यांनी करावी. फेब्रुवारीत पहाटे उघड्या गाडीत बोचरी थंडी असते आणि दहा वाजेपर्यंत ऊन चटका देऊ लागते, म्हणून एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे, कानटोपी आणि धुळीसाठी सुती पंचा जवळ ठेवावा. भडक रंग टाळावेत.

सह्यवाटा:

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कान्हा आणि नागझिरा या वेळी सोडायचे, हे घरात सर्वांना पटले आहे. रात्रीचा प्रवासही करणार नाही. आता प्रश्न पेंच की मेळघाट एवढाच उरला आहे. मुलीने रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाबद्दल वाचल्यापासून ती मेळघाटाचे नाव घेते आहे, आणि आईला घाटरस्ता सोसेल का ही मला चिंता आहे. दुसरे असे की पुण्याहून नागपूर एका दिवसात गाठणे आईसाठी फार होईल. मधे कुठे थांबावे?

सिपना:

मुलीचे नाव निघाले आहे, तर मेळघाटाची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही.

1973-74 मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत महाराष्ट्रातील मेळघाट हा एकच होता. तरीही पर्यटक तिकडे कमी वळतात, कारण सातपुड्याच्या त्या डोंगरदऱ्यांत वाघ असूनही सहजी दिसत नाही. ज्याला यादीत वाघाची खूण करायची आहे त्याने तिकडे जाऊ नये, असेच मी सांगतो. पण ज्याला जंगलात राहून यायचे आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्रात मेळघाटाइतके मोठे आणि निवांत जंगल दुसरे नाही. इथे पायथ्याच्या परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोह, हरिसाल आणि पुढे धारणीकडे जाणारा रस्ता प्रकल्पातूनच जातो, म्हणजे आपल्या गाडीतून, सार्वजनिक रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना खरे अरण्य असते. रानगवा रस्त्याच्या कडेला उभा असणे नवलाचे नाही. अशा वेळी गाडीतून उतरू नये, इंजिन बंद करून अंतरावर थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे.

रानपिंगळ्याची कथा मुलीला ठाऊक असेलच, तरी थोडे सांगतो. 1884 नंतर या घुबडाचा खात्रीलायक पुरावा कोणालाच मिळाला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर 1997 मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि त्यानंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. तो दिवसाही वावरतो, त्यामुळे निशाचर घुबडांपेक्षा त्याला पाहण्याची संधी अधिक असते. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ ठिपक्यांविना, एकसारख्या करड्या-तपकिरी रंगाचा असतो. दुर्बीण लावल्यावर मुलीने आधी माथा पाहावा, मग छाती आणि पोट. स्थानिक गाइडला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, त्यांना त्याच्या बसण्याच्या जागा माहीत असतात. आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बोलावण्याचा आग्रह मात्र करू नका. विणीच्या काळात पक्ष्याला त्याचा फार त्रास होतो.

घाटाबद्दल: परतवाड्यानंतर वळणे पुष्कळ आहेत, पण चढ सौम्य आहे आणि घाईने न गेल्यास आईंना त्रास होऊ नये. सिपना नदीकाठच्या कोलकास येथील विश्रामगृह किंवा सेमाडोहचे पर्यटन संकुल यांपैकी एका ठिकाणी राहा. सोयी साध्या असतात, हे आईंना आधीच सांगून ठेवा. परतवाड्यात इंधनाची टाकी भरून घ्या, औषधे आणि रोख रक्कम जवळ ठेवा, कारण पुढे मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. वाटेत कोरकू गावे लागतील. सारवलेल्या भिंती आणि समोरासमोर घरांच्या सरळ ओळी पाहून छायाचित्र घ्यावेसे वाटते. आधी विचारावे, आणि नाही म्हटले तर कॅमेरा आत ठेवावा.

माझा कल उघड आहे. ताडोबा आणि मेळघाट अशी जोडी घेतलीत, तर दोन अगदी भिन्न स्वभावांची जंगले एका दौऱ्यात पाहून होतील, आणि आधी मेळघाट व नंतर ताडोबा हा क्रम ठेवावा. ताडोब्यात वाघ पाहून मेळघाटात आलेली माणसे तिथेही वाघच शोधत बसतात, असा माझा अनुभव आहे.

वैनगंगाकाठ:

सिपना यांचे म्हणणे मला मान्य आहे. मुलगी पक्ष्यांसाठी एवढी आतुर असेल, तर पेंच पुढच्या वेळेसाठी राहू द्या.

पहिल्या रात्रीसाठी लोणार योग्य ठरेल. छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धीवर चढून मेहकरला उतरलात की लोणार तिथून पंचवीसेक किलोमीटर आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेले ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आईंना वरच्या कडेवरूनही नीट दिसेल, खाली उतरण्याची गरज नाही. सरोवराभोवतीचे रान अभयारण्य आहे आणि 2020 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, त्यामुळे मुलीच्या नोंदवहीची सुरुवात तिथेच होईल. दुसऱ्या दिवशी अमरावती-परतवाडामार्गे दिवसाउजेडी सेमाडोह गाठता येते. मेळघाटातून ताडोब्याकडे जाताना अमरावतीहून नागपूर आणि तेथून उमरेड-भिसी-चिमूरमार्गे कोलारा दरवाजा घ्या. हा दिवस लांबचा आहे, म्हणून पहाटे निघा आणि त्या दिवशी सफारी ठेवू नका. परतताना नागपूर किंवा वर्ध्याजवळून समृद्धीवर चढता येईल.

समृद्धीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे आणि रस्ता सरळ असल्याने चालकाला गुंगी येते. दर दीड-दोन तासांनी थांबा. निघण्यापूर्वी टायरचे वय आणि झीज तपासून घ्या, हवा टायर थंड असताना कंपनीने सांगितली आहे तेवढीच भरा, आणि जादा चाकातली हवा पाहायला विसरू नका.

आणि मेहकरच्या परिसरातून जाताना मुलीला ही गोष्ट जरूर सांगा. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ, ज्याच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ कॉलर बसवली होती, 2019 च्या उन्हाळ्यानंतर तेलंगणात शिरून, परत फिरून, शेते, कालवे आणि महामार्ग ओलांडत तेराशे किलोमीटरहून अधिक चालला आणि डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. बहुतेक वाटचाल त्याने रात्री केली, दिवसा तो कपाशीत आणि नाल्यांत लपून राहत असे. बुलढाण्याचा नकाशा उघडून तिला ज्ञानगंगा आणि मेळघाट कुठे आहेत ते दाखवा. तुम्ही जो प्रदेश गाडीने पार करणार आहात, त्याच प्रदेशातून तो पायी गेला होता.

सफारीचे आरक्षण मात्र आजच पाहा. फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या लवकर संपतात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत कोलाऱ्याला आणि बफरमध्ये जागा मिळण्याची शक्यता बरी असते.